गुडगुडीचं पाणी

मावा वांग्याच्या पानाखाली राहतो. वरून पान हिरवंगार दिसतं, आणि उलटून पाहावं तर शिरांच्या कडेने मोहरीहून बारीक, पिवळट हिरवे जीव एकमेकांना चिकटून बसलेले असतात. मला हे कळायला धारला सासरी येऊन सहा वर्षं लागली, कारण मी कधी पान उलटून पाहिलंच नव्हतं. माझ्या धाकट्या जावेने पाहिलं. तिच्या संसाराचं मी वाटोळं केलं ते या माव्याच्या निमित्ताने. आता लिहायला हरकत नाही. मला जाब विचारू शकली असती ती माणसं गेली. नातवंडांचं शिक्षण सगळं हिंदीत झालं, मराठी वाचायची म्हटली की ती एकेक अक्षर लावत बसतात आणि दुसऱ्या ओळीला कंटाळतात. माझं गुपित त्यांच्यापाशी अगदी सुरक्षित आहे.

विसाव्या शतकाची पहिलीच वर्षं होती. माझे सासरे, म्हणजे मामंजी, धार संस्थानच्या दफ्तरात कामाला. थोरला मुलगा, माझा नवरा, त्यांच्याच हाताखाली. धाकटे दीर नुकते लागलेले. सासूबाई, आम्ही दोघी सुना, माझे दोन मुलगे आणि एक म्हातारा, ठार बहिरा माळवी गडी, एवढं आमचं घर. घरामागे विहीर आणि विहिरीच्या पाटावर भाजीचं परस.

कुलदैवत खंडोबा. आषाढी एकादशीपासून वांगं आणि कांदा घरात येत नसे, तो चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच. हे पुष्कळ घरांत असतं. आमच्या घरी त्यावर आणखी एक होतं. नैवेद्याचं वांगं बाजारचं चालत नसे. ते परसातलंच हवं, आणि ज्या सुनेने झाड वाढवलं तिनेच ते विहिरीवर न्हाऊन, ओलेत्याने तोडून आणायचं. त्या झाडाला कशाचाही विटाळ होता कामा नये. पाच वर्षं हे काम माझ्याकडे होतं. वांगी आली, देवाने खाल्ली, मला कोणी शाबास म्हटलं नाही. वांग्याला लागायचं असतं म्हणून ते लागतं, सुनेचं त्यात काय, असा एकंदर सूर होता.

सहाव्या वर्षी श्रावणात सासूबाईंनी वाफा माझ्याकडून काढून धाकटीला दिला.

धाकटी नालछ्याची. तिचे वडील तिथल्या ठाण्यावर कारकून होते आणि ती माळ्यांच्या शेतांतून वाढली होती. मांडवगडाच्या वाटेवरचं ते गाव, तिथे मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे तिच्या बोलण्यात माळवी शब्द फार यायचे. सासूबाई नाक मुरडायच्या. हात खरबरीत, चालणं भराभर, आणि दिसायला, खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा उजवी. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती.

सासूबाईंनी वाफा देताना सगळ्यांसमोर सांगितलं, "हिच्या हाताने काही उगवतं का ते एकदा बघू या. चंपाषष्ठीला देवाच्या पानात हिचं वांगं आलं, तर म्हणीन हिच्या हाताला फळ आहे, थांबू आणखी. नाही आलं, तर देवानेच सांगितलं असं समजायचं आणि फाल्गुनात धाकट्याचं दुसरं लग्न करायचं." धाकटे दीर तिथेच पान खात बसले होते. त्यांनी चुना थोडा जास्त झाल्यासारखं तोंड केलं, बाकी काही नाही.

आता माझं सांगते. माझं माहेर देवासचं. वडील तिथल्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या दरबारात लेखनिक. आई मी लहान असतानाच गेली. माझ्या पाठची एकच बहीण होती, तिला देवी येऊन गेल्या आणि तोंडभर व्रण ठेवून गेल्या. चार ठिकाणची माणसं पाहून गेली आणि चारी ठिकाणहून काहीतरी निमित्त सांगून निरोप आला. वडिलांचं पत्र आलं की मला आत काय असणार ते उघडण्याआधीच ठाऊक असे. बिजवराशिवाय तिला कोणी पत्करणार नाही, हे मला दिसत होतं. आणि बिजवर व्हायच्या वाटेवर असलेला एक माणूस आमच्याच घरात पान खात बसला होता. मी सासूबाईंच्या कानावर बहिणीचं नाव केव्हाच घातलं होतं. "माझी बहीण दिसायला बेताची आहे, पण निमूट आहे हो," एवढंच. त्यांना निमूट हा शब्द आवडतो हे मला माहीत होतं.

म्हणजे बारा वांग्यांच्या रोपांवर दोन बायकांचं नशीब टांगलेलं होतं. एक माझी जाऊ आणि एक माझी बहीण. मी कोणाच्या बाजूची असणार हे सांगायला नको.

धाकटीने रोपं अशी लावली की मला माझ्या पाच वर्षांची लाज वाटावी. शेणखत कुजवून, चाळून घातलं. आळी केली. दर सकाळी पाटाचं पाणी सोडताना ती प्रत्येक रोपापाशी उकिडवी बसून पानं उलटून बघायची. माझे मुलगे दिवसभर तिच्या मागे मागे. "काकू, हे काय? काकू, ते काय?" मी हाक मारली तर येत नसत, तिने नुसतं पाहिलं तरी येत. आश्विनात फुलं धरली. सासूबाई येता जाता थांबून बघू लागल्या. एकदा तर त्यांनी धाकटीच्या डोक्यावरचा पदर आपल्या हाताने सारखा केला. त्या दिवशी मी जेवले नाही. डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

दिवाळी झाली आणि आभाळ आलं. चार दिवस ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं मळभ. पाचव्या दिवशी सकाळी धाकटीने मला परसातून हाक मारली.

"जाऊबाई, इकडे या. मोयलो पडला."

नालछ्याकडे माव्याला मोयलो म्हणतात. तिने एक पान बोटाने उलटलं आणि मी पहिल्यांदा तो प्रकार पाहिला. सगळी पाठ किड्यांनी भरलेली. खालच्या पानांवर त्यांचा चिकटा गळून वर काजळी धरलेली. कोवळे शेंडे वाकडे झालेले. आणि देठावरून मुंग्यांची रांग, खाली-वर, खाली-वर.

"या मुंग्याच त्याला राखतात," ती म्हणाली. "त्याचा गोड चिकटा खातात, त्याला उचलून दुसऱ्या झाडावर नेतात. माळीण सांगायची."

मुंग्या वाफ्यात का होत्या, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. सासूबाई रोज सकाळी वाफ्याच्या बांधावर मुंग्यांना साखर घातलेलं पीठ टाकायच्या. त्यांनी ते व्रत धरलं होतं धाकटीला मूल व्हावं म्हणून. सव्वा वर्षाचं व्रत होतं, अजून पुष्कळ राहिलं होतं.

धाकटी जाऊन त्यांना म्हणाली, "सासूबाई, पीठ विहिरीपलीकडे घातलंत तर चालेल का? मुंग्या झाडावर मावा आणतात." ती बिचारी खरं ते बोलली. सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी पटकन जातं पुसायला घेतलं.

"तुझ्यासाठी घालते मी ते! तुझ्या कुशीसाठी! आणि तुलाच खुपतं?"

त्या दिवशी सासूबाई उपाशी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी पीठ दुप्पट टाकलं.

मग उपाय सुरू झाले. सासूबाईंनी चुलीतली राख चाळून पहाटेच्या दवात पानांवर उधळायला लावली. पानं वरून पांढरी झाली. मावा खाली होता, तिथे राख पोचत नव्हती. मग देवाचा भंडारा उधळला. पानं पिवळी झाली. मावा मजेत. धाकटी शेवटी बोटांनीच चिरडायला बसली. सकाळी बसायची ती जेवणाला उठायची, पुन्हा बसायची. तिच्या दोन्ही अंगठ्यांना हिरवट काळा रंग चढला, राखेने घासूनही जाईना. संध्याकाळी पाच झाडं स्वच्छ करून उठावं आणि सकाळी त्याच पाच झाडांवर पुन्हा तेवढाच मावा. फुलं गळाली. धरलेली फळं पिवळी पडून देठाशी सुटू लागली. बारांतली सात झाडं हातची गेली. चंपाषष्ठीला पंधरा-सोळा दिवस उरले होते.

मी वडिलांना पत्र लिहिलं की कदाचित फाल्गुनात काही चांगलं घडेल. पत्र लिहून झाल्यावर मला फार हलकं वाटलं. हेही लिहून ठेवते.

मामंजी गुडगुडी ओढायचे. दफ्तरातून आले की एकदा, जेवणानंतर एकदा, झोपताना एकदा. गडी सकाळी तिचं शिळं पाणी मोरीत ओतून नवीन भरायचा. ते पाणी काळपट तपकिरी, आणि वास असा की मोरीपाशी उभं राहवत नसे. एके सकाळी मी विहिरीवर कपडे आपटत होते आणि मला धाकटी गड्याच्या पुढे उभी दिसली. हातात मडकं. त्याला कळावं म्हणून ती बोलता बोलता खाणाखुणा करत होती.

"बाबा, सांडू नका. यात घाला."

"बाईसाब, इण सड्या पाणी को कईं करोगा?" बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. मला सगळं स्पष्ट ऐकू आलं.

तिने ते मडकं वाफ्यात नेलं, त्यात विहिरीचं पाणी घातलं, कडुनिंबाच्या डहाळ्यांची जुडी त्यात बुडवली आणि पान उलटं धरून खालून शिंपडू लागली. एकेक पान. मी ओले कपडे खांद्यावर टाकून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिला चाहूल लागली तेव्हा तिचे हात थांबले.

गुडगुडीची नळी मामंजींच्या तोंडात असते. ते पाणी त्यांचं उष्टं. ते देवाच्या झाडावर. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीला बाहेरच्या माणसाची सावली लागली तर बरणी फुटत असे, तिथे हे. तिला हे कळत नव्हतं असं नाही. तंबाखूची पानं उकळून त्याचं पाणी मारलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. पण तंबाखू मामंजींच्या डब्यात, डबा त्यांच्या कपाटात, आणि सुनेने तंबाखू मागायची म्हणजे जीभ हासडून हातात दिली असती. मोरीत जाणारं पाणी तेवढं तिला मिळण्यासारखं होतं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "नालछ्यात माळीण हेच करायची. तीन दिवसांत मरतो. मग मी सगळी झाडं विहिरीच्या पाण्याने धुऊन काढीन, दहा वेळा धुवीन. सांगू नका. झाडं वाचली तर मी वाचले."

"वेडी का तू?" मी म्हटलं. "मी कशाला सांगते?"

आणि मी तिच्या हातातून मडकं धरलं, तिला दोन्ही हात मोकळे मिळावेत म्हणून. पाच झाडं आम्ही दोघींनी मिळून केली.

चौथ्या दिवशी मावा मेला. मी स्वतः पान उलटून पाहिलं. काळा, वाळलेला, फुंकर मारली की उडून जाणारा. मुंग्यांची रांग मोडली. मला आधी वाटलं ते कौतुकच होतं, खोटं कशाला सांगू. त्या मुलीच्या डोक्यात होतं ते आमच्या सगळ्या घरात मिळून नव्हतं. आणि कौतुकाच्या पाठोपाठच मला देवासच्या घरातली माझी बहीण दिसली, चुलीपुढे, तोंड फिरवून बसलेली.

मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर काय झालं असतं? सासूबाई ओरडल्या असत्या, झाडं उपटली असती, त्या वर्षापुरतं वांगं शेजारच्या मराठी घरातून मागून आणलं असतं. धाकटीला दोन दिवस उपास, देवाची क्षमा, आणि पुन्हा "पोर आहे, चुकलं" म्हणून सगळं आपल्या जागी. एवढ्याने माझं काम होत नव्हतं. म्हणून मी अकरा दिवस थांबले. त्या अकरा दिवसांत मी तिच्याशी इतकी गोड वागले की ती मला एकदा म्हणाली, "मला बहीण नव्हती, जाऊबाई." मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हा. मी वेणी घट्ट आवळली आणि पुढचं बोलणं टाळलं.

चंपाषष्ठीच्या सकाळी तिने विहिरीवर डोक्यावरून घागरी घेतल्या आणि मार्गशीर्षाच्या गारठ्यात कुडकुडत सात वांगी तोडली. काळीभोर, तुकतुकीत, हातात न मावणारी. सासूबाईंनी स्वतः ती निखाऱ्यावर भाजली. बाजरीचे रोडगे झाले. पातीचा कांदा आला. जेवायला आलेले दोन आप्त धरून पाच पुरुषांनी तळी उचलली, येळकोट झाला, नैवेद्य दाखवून झाला, आणि पुरुषांची पंगत बसली. मामंजींनी भरिताचा पहिला घास घेतला. जरा थांबून दुसरा घेतला.

"धाकटीच्या हाताला चव आहे," ते म्हणाले.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "देवाने ऐकलं हो माझं," त्या म्हणाल्या. आणि दाराआड उभ्या असलेल्या धाकटीने तोंडावर पदर धरला. मला तिचे फक्त डोळे दिसत होते. इतका आनंद मी त्या घरात कोणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता, माझ्या मुलांच्या बारशालासुद्धा नाही.

मी तूप वाढत होते. मी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

"मामंजी, बोलू नये, पण देवाची गोष्ट आहे, पोटात राहत नाही," मी म्हटलं. "त्या झाडांवर आपल्या गुडगुडीचं पाणी शिंपडलं होतं. मी अडवलं, पण धाकटीने ऐकलं नाही."

मामंजींचा तिसरा घास पानात पडला. पंगतीतला एक आप्त हसू आल्यासारखा खोकला. सासूबाई धाकटीकडे वळल्या.

"घातलंस?"

नाही म्हणाली असती तर माझा शब्द आणि तिचा शब्द, एवढंच उरलं असतं. गडी बहिरा, त्याला विचारून उपयोग नव्हता. मी तिच्या जागी असते तर नाहीच म्हटलं असतं, आणि वर आकांत केला असता. ती म्हणाली, "घातलं." मग म्हणाली, "पण धुतलं होतं, सासूबाई. रोज धुतलं." आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तूप कुठे ठेवलं ते शोधत होते. भांडं माझ्या पायाशीच होतं.

मामंजी उठून विहिरीवर गेले आणि घागरीवर घागर ओतून घेत राहिले. देवाला आपलं उष्टं दाखवलं, म्हणून तीन दिवस पाण्यावर राहिले. भरीत गाईलासुद्धा घातलं नाही, परसात खड्डा करून पुरलं. सासूबाईंनी ती पाच झाडं आपल्या हाताने उपटली, वांग्यांसकट, आणि उपटताना त्या धाकटीला काय काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही. ते शब्द मला तोंडपाठ आहेत. धाकटे दीर पानावरच बसून होते. तोंडात होता तो घास त्यांनी गिळला, मग रोडग्याचा एक तुकडा मोडला, मग कोणी बघतंय का ते बघून खाली ठेवला. चौथ्या दिवशी मामंजींची गुडगुडी पूर्वीसारखी वाजू लागली.

सासूबाईंनी दोन गोष्टी ठरवल्या. फाल्गुनात लग्न, ही एक. दुसरी त्यांनी धाकटीला बोलावून सांगितली. "देवाच्या वांग्याला यापुढे तू भागीदार नाहीस. चंपाषष्ठीचं भरीत तुझ्या पानात पडायचं नाही. आणि मावा मारायची हौस आहे ना तुला? तो तूच मारायचा. राख नाही, पाणी नाही, काही नाही. हातांनी."

फाल्गुनात माझी बहीण देवासहून आली. मांडवात तिला हळद धाकटीने लावली, कारण रीत तशी होती. तिच्या अंगठ्यांचा काळा रंग अजून पुरता गेला नव्हता. माझी बहीण तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणू लागली. ताई ही हाक तोवर माझी होती. दोघी एकत्र दळायच्या, एकत्र पाणी भरायच्या, आणि मी गेले की गप्प व्हायच्या. बहिणीला कोणी काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. सांगायची गरजही नसावी. घरात असल्या गोष्टी भिंतींवर दिसतात.

पुढच्या श्रावणात वाफा बहिणीच्या नावाने झाला. सासूबाई पुन्हा येता जाता थांबून बघू लागल्या, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. लग्नाला सहा महिने व्हायला आले होते, बहिणीकडून काही बातमी नव्हती. दिवाळीनंतर पुन्हा आभाळ आलं आणि मावा पडला. धाकटी पहाटेपासून वाफ्यात उकिडवी बसून अंगठ्याने चिरडत राहायची. सासूबाईंच्या पिठावर पोसलेल्या मुंग्या तिच्या हातांवरून चढायच्या, चावायच्या. ती झटकायची आणि पुढचं पान घ्यायची. तरी झाडं जातच होती. सासूबाई एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचाही हात तसलाच दिसतो की गं, थोरले."

दुसऱ्या सकाळी मी मोरीपाशी जाऊन गड्यापुढे मडकं धरलं. त्याने मान हलवली. तोही आता काही विचारेनासा झाला होता. मी घाईने वाफ्यात गेले, डहाळ्या बुडवल्या आणि दिसेल त्या पानावर शिंपडत सुटले. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपून तपकिरी झाल्या. मला रडूच फुटलं. मावा जायचा राहिला आणि झाडच चाललं होतं.

"जाऊबाई."

ती विहिरीच्या काठावर उभी होती. किती दिवस बघत होती देव जाणे. मडकं माझ्या हातात, वास सगळ्या परसात. मी मनात म्हटलं, आता ही आत जाणार. जायलाच हवं. मी असते तर गेले असते, आणि आज नाही, चंपाषष्ठीला, तिसऱ्या घासाला.

"नुसतं नका घालू, पान जळतं," ती म्हणाली. "एकाला तीन पाणी घाला. आणि पानाखालून मारा, वरून नाही. तिसऱ्या दिवशी धुवा."

एवढं सांगून तिने घागर भरली आणि गेली.

मी एकाला तीन पाणी घातलं. पानाखालून मारलं. तिसऱ्या दिवशी धुतलं. चंपाषष्ठीला बहिणीने ओलेत्याने नऊ वांगी तोडली. मामंजींनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "हिच्या हाताला चव आहे." मी तूप वाढताना धाकटीकडे बघत होते. तूप मामंजींच्या पानाबाहेर सांडलं. ती दाराआड उभी होती, हात पदराखाली. माझा सूड घ्यायची इतकी सोपी वेळ तिला पुन्हा कधी मिळाली नसती, आणि तिने ती वाया घालवली. त्या दिवशी मला तिचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नाही.

माझ्या बहिणीला मूल झालं नाही. धाकट्या दिरांच्या दोन बायका, दोघी रिकाम्या. यावरून जे कळायचं ते कोणालाही कळलं असतं, पण आमच्या घरात पुरुषाचा हात कोणी वाफ्यात घालून पाहत नसे. तिसऱ्या लग्नाचा विषय निघण्याआधी मामंजी वारले आणि तो तिथेच राहिला. गुडगुडी माझ्या नवऱ्याकडे आली. पाणी मला मिळत गेलं. देव दरवर्षी भरीत खात गेला आणि त्याने कधी कुरकुर केली नाही.

सासूबाई पुष्कळ वर्षांनी गेल्या. त्यानंतरच्या चंपाषष्ठीला घरातली थोरली मी होते. बायकांची पंगत बसली, आणि भरिताचं पातेलं घेऊन मी एका कडेने वाढत आले. बहिणीला वाढलं. तिच्या शेजारी धाकटी बसली होती, केस पिकलेले, अंगठे पानाच्या कडेवर टेकलेले, नखांच्या कडांना तोच हिरवट काळा रंग. त्या झाडांवरचा मावा मी तिच्याच प्रमाणाने मारला होता. माझ्या बहिणीने हळूच म्हटलं, "ताईला वाढ ना गं आता. कोण आहे अडवायला?"

कोणीच नव्हतं. धाकटीने वर पाहिलं. पान पुढे केलं नाही, मागेही ओढलं नाही. तिला एक पळीभर भरीत वाढायचं म्हणजे त्या दिवशी तुपाचं भांडं खाली ठेवून मी काय केलं, ते सगळ्यांसमोर कबूल करायचं. पळी भरलेली होती. मी पुढच्या पानाकडे गेले.